आठ वाजून सहा मिनिटं

सोमवार, ७ मार्च

वहीबाई, कशी आहेस? पानं कोरडी आहेत ना? कपाटातल्या ओलीने काही बाधलं नाही ना?

हिचा गुडघा कसा आहे? तसाच. जिना चढताना ‘आई गं’ आणि उतरताना चकार शब्द नाही. लेक आणि तिचं बाळ? बाळाला दात येताहेत, हाती लागेल ते चावतंय असं पत्रात होतं. माझ्या मित्राच्या, म्हणजे कुलपाच्या, आईचे डोळे? एकाचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याची तारीख मिळायची आहे. खळघरातल्या थोरलीचा नवरा? अंथरुणावरून खुर्चीपर्यंत आला, हेही काही कमी नाही. आणि माझी सायकल? मागचं चाक जरा डुगडुगतं, बाकी माझ्याहून ठणठणीत.

हसू नकोस. मला लिहायची सवय ती पत्रांचीच. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात पोऱ्या म्हणून लागलो आणि खोक्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. ‘ही बाजू वर’ हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य, ‘जपून उचला’ हे दुसरं. आता त्याच कारखान्यात खोकी कापायचे साचे बसवतो. जूनअखेर निवृत्त होणार, म्हणून लेकीने तुला धाडलं. बाबा, रोज थोडं लिहा, मन रमेल, असं म्हणाली. मन रमवण्यासारखं काही आज घडलं नाही, पण लिहितो.

पुलावर आजपासून सकाळी आठ ते दहा सायकलींना बंदी आहे. मला ठाऊक होतं, पाटी महिनाभर लटकत होती. मला तिचं सोयरसुतक नव्हतं, कारण मी घरून सात त्रेचाळीसला निघतो आणि सात सत्तावन्नला पुलावर असतो. वर्षानुवर्षं हेच. आज पुलाच्या मध्यावर एका तरण्या हवालदाराने हात आडवा केला. मी म्हटलं, आठ कुठे वाजलेत. त्याने मनगट माझ्या नाकाशी आणलं. आठ वाजून सहा मिनिटं. मी त्याला समजावून सांगितलं की बाबा, तुझं घड्याळ पुढे आहे, होतं असं, नवीन घड्याळं उधळतात. तो पावती फाडत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, “आजोबा, या वयात खोटं कशाला बोलता?”

शेजारी बस खोळंबून उभी होती. आमच्या खळघरातल्या बायका तिच्यातूनच येतात. (खळघर म्हणजे जिथे खळ शिजवून खोकी चिकटवतात ती खोली.) त्यांच्यातली सगळ्यात मोठी, थोरली, खिडकीशी होती. तिने ऐकलं. ऐकून तोंड फिरवलं, माझी लाज राखायला.

कारखान्याच्या फाटकावर कार्डावर छाप मारला तेव्हा आठ-आठ झाले होते. रोज आठ-पाच असतात. तीन मिनिटं त्या पावतीने खाल्ली.

दंड फारसा नाही. पण बायकांनी भरलेल्या बसच्या खिडकीखाली मला खोटारडा म्हटलं गेलं, ते काही गिळवत नाही.


मंगळवार, ८ मार्च

दिवसभर साच्याची पाती लावताना हिशेब करत होतो. पूल ते फाटक आठ मिनिटं, एक कमी नाही की जास्त नाही. मी जर आठ-सहाला पुलावर असेन, वर तीन मिनिटं पावतीत गेली असतील, तर आठ-आठला फाटकावर कसा पोचलो? मला पंख फुटले होते काय? माझं कार्ड हाच माझा साक्षीदार. यंत्राने मारलेला छाप, त्याला ना डोळे ना वशिला.

दुपारी कुलपाला हे सगळं सांगितलं. कुलूप म्हणजे आमचा फाटकावरचा पहारेकरी. तोंड उघडत नाही म्हणून कारखान्याने त्याला हे नाव दिलं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून मला ‘भोंगा’. आम्ही दोघं वीस वर्षं एका बाकावर डबा खातो. मी बोलतो, तो ऐकतो, दोघांचं भागतं. तो फाटकालगतच्या खोलीत राहतो, बायको आणि आईसकट. दर सोमवारी छापाच्या घड्याळाला किल्ली देणं, सकाळ-संध्याकाळ भोंगा वाजवणं, रजिस्टर, सगळं त्याच्याकडे.

त्याने पावती घेतली, दोनदा वाचली, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, मी भरतो.

मला हसूच आलं. अरे, तू का भरायची? मी तिच्यावर लढणार आहे. तर म्हणतो, जाऊ दे. मी पावती त्याच्या खिशातून ओढून काढली. कुलपाचा जीव मोठा आहे, पण पोलिसाचं नाव काढलं की गारठतो. अशा भित्र्या लोकांमुळेच हवालदार शेफारतात.


शनिवार, १२ मार्च

आता खालच्या रस्त्याने जातो. वेळ जास्त लागतो, पण त्या पोराचं तोंड बघायला नको.

आज घरातलं घड्याळ लावलं. माझ्याकडे मनगटी घड्याळ नाही, कधी लागलं नाही. दर शनिवारी सुटताना फाटकावरचं घड्याळ बघतो. तिथून घर सायकलीने बावीस मिनिटं. घरी आलो की चप्पल न काढता त्यात बावीस मिळवून काटे लावतो. त्यामुळे आमच्या भिंतीवरचं घड्याळ कारखान्याशी पाठीला पाठ लावून चालतं. जावई एकदा म्हणाला होता, मामा, घड्याळ मागे आहे. मी त्याला बसवून ही पद्धत समजावली तेव्हा गप्प झाला.

हिचं मात्र अजब आहे. भिंतीवर एवढं घड्याळ टांगलंय, तरी कुठे जायचं झालं की शेजारणीला वेळ विचारते. मी बोललो तर म्हणते, तुमचं घड्याळ तुम्हाला लखलाभ.

रेडिओवाल्यांचंही तेच. सातच्या बातम्या ऐकायला बरोबर सातला बटण फिरवावं तर ते हवामानाशी पोचलेले असतात. दवाखान्यातले लोकही हल्ली वेळेआधीच खिडकी आपटतात. साऱ्या जगाला घाई झाली आहे. त्या हवालदारालाही झाली, एवढंच.


मंगळवार, १५ मार्च

तारीख मिळाली. तीस मार्च, वाहतुकीच्या कोर्टात. वकील करणार नाही. खरं बोलायला भाड्याचं तोंड कशाला?

आज हेडक्लार्ककडे गेलो. ऑफिसच्या बाजूला मी वर्षातून एकदा जातो, बोनसच्या दिवशी. ते लोक नऊला येतात, त्यांचा दरवाजा वेगळा, त्यांचं घड्याळही वेगळं. मी आत शिरताना फाटकावर दोन चौदा होते आणि त्यांच्या भिंतीवर दोन पंचवीस. दोन मिनिटं चालण्यात गेली धरली तरी मेळ बसेना. तुमचं घड्याळ पुढे आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, असेल बुवा, ऑफिसचं सगळंच पुढे असतं. दोघंही हसलो.

त्यांनी झकास दाखला टाइप करून दिला: ‘सदर घड्याळ कंपनीचे असून अचूक वेळ दाखवते.’ कंपनीचं घड्याळ चूक कसं असेल, असं स्वतःच म्हणाले आणि जागेवरून न उठता सही ठोकली. खाली फाटकावरच्या माणसाचीही सही हवी, की छाप माझ्यासमोर मारला आणि वेळ बरोबर आहे.

कागद घेऊन कुलपाकडे आलो. त्याने पेन हातात धरलं आणि बराच वेळ धरूनच बसला. मला वाटलं, अक्षरं विसरला. त्याची थट्टा केली की थांब, खोकं आणून देतो, त्यावरून गिरव. हसला नाही. म्हणाला, “भोंग्या, हे नसतं चाललं?” मी म्हटलं, माझ्या इमानाचा प्रश्न आहे रे, तुझ्या एका सहीवर अडलंय. वीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलंय का?

तेव्हा त्याने सही केली. नाव वेडंवाकडं आलं. पेन परत देताना टोपण लावायलाही विसरला.


मंगळवार, २२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत थोरली आली. सोबत दोघीजणी. माझ्यासाठी चहा आणला होता, म्हणजे काम असणार. थोरलीचे पुढचे दोन दात नाहीत, तरी सबंध खळघरात हसावं तर तिनेच. आज मात्र ओठ मिटूनच बोलत होती. भोंगाकाका, सोडून द्या ना तो खटला. दंड आम्ही सगळ्या मिळून भरतो.

मी म्हटलं, तुम्ही काय सगळे मिळून वेडे झालात का? उलट तू साक्षीला ये. तू बसमध्ये होतीस, तुझ्या मनगटावर घड्याळ आहे, सांग तेव्हा किती वाजले होते. तिने पदराखाली मनगट लपवलं. मी बघितलं नव्हतं काका, म्हणाली. दुसरी म्हणाली, काकांना सांगून टाकूया का गं? थोरलीने तिच्याकडे असं पाहिलं की ती खळीच्या बादलीसारखी थिजली.

काय सांगायचं होतं, विचारलं. काही नाही, म्हणाल्या. तुमचा स्वभाव चांगला आहे पण आवाज मोठा आहे, म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. आयुष्यभर यांच्या अडीअडचणीला धावलो, अर्ज लिहून दिले, पत्रं लिहून दिली. आज कोर्टाची पायरी म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले.


बुधवार, ३० मार्च

जिंकलो.

क्रमाने लिहितो.

कोर्ट म्हणजे लेकीच्या शाळेतल्या वर्गासारखी खोली, बाकं तशीच, पंखा तसाच करकरणारा. न्यायाधीशबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. माझ्याआधी सतराजणांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं, कबूल नाही. मागच्या बाकावरचे जागे झाले.

हवालदाराला विचारलं, वेळ कशावरून लिहिली. तो म्हणाला, माझ्या घड्याळावरून, रोज सकाळी सातला रेडिओच्या ठोक्यावर लावतो. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाईसाहेब, तिथेच तर घोटाळा आहे, रेडिओ पुढे असतो. सगळी खोली हसली. मग मी कार्ड दिलं, दाखला दिला, आठ मिनिटांचा हिशेब मांडला आणि पंखांचंही विचारलं. बाईंनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. त्या हवालदाराला म्हणाल्या, एका बाजूला तुमचं मनगट, दुसऱ्या बाजूला कारखान्याचं यंत्र आणि दोन सह्या, मी कशावर विश्वास ठेवू? याला ताकीद द्यावी असं याच्या वरिष्ठांना लिहून पाठवा, असं कारकुनाला सांगितलं. माझा दंड रद्द.

बाहेर व्हरांड्यात तो पोरगा भिंतीला टेकून मनगटाकडे बघत उभा होता. कानाशी धरून टिकटिक ऐकत होता. मला त्याची जराशी दया आली. जराशीच. उगाच कशाला खोटं लिहू.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, आता तरी त्या पावतीचं नाव काढू नका, मग गुडघ्याला हात लावत आत गेली.


गुरुवार, ३१ मार्च

सगळ्यांसाठी बिस्किटं नेली. खळघरातल्या बायकांनी एकेक घेतलं, अंत्यविधीहून आल्यासारखं. कुलूप म्हणाला, बरं झालं. बिस्कीट त्याने आईसाठी ठेवलं.

असूया असते माणसांना. मला कळतं.


मंगळवार, ५ एप्रिल

सकाळी फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, तो हवालदार उभा. साध्या कपड्यांत. मी कार्डावर छाप मारून वळलो तर तो रस्ता ओलांडून आला. मी मुद्दाम तिथेच थांबलो.

तो नरमाईने बोलला, हे मान्य करायला हवं. म्हणाला, आजोबा, ताकीद मिळाल्यापासून मी घड्याळ तीन दुकानांत दाखवलं, एक सेकंदाची चूक नाही. मग वाटलं, दुसरं घड्याळ तरी बघून यावं. त्याने मनगट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने फाटकावर बोट केलं. तिथे आठ-नऊ. त्याच्याकडे आठ-अठरा.

“तुम्ही खोटं बोलला नव्हतात,” तो म्हणाला. “मीच उगाच बोललो. तेवढं सांगायला आलो होतो.” आणि जायला निघालासुद्धा.

त्याला जाऊ द्यायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. कोर्टात हरलेला माणूस कारखान्याच्या दारात येऊन आमच्या घड्याळाला नावं ठेवतो? मी त्याची बाही धरली आणि माझ्या आवाजात, म्हणजे कारखान्याच्या भोंग्याला लाजवेल अशा आवाजात, म्हटलं की थांब, पळतोस कुठे, आत्ता सोक्षमोक्ष लावू. कुलूप खोलीतून धावत आला. त्याने माझा दंड धरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, गप. इतकंच. मी त्याचा हात झटकला. म्हटलं, तू का घाबरतोस, घड्याळ तुझं आहे, तुझ्या सहीचं आहे.

नेमके मॅनेजरसाहेब आज लवकर आले होते. गाडीतून उतरले, काय गोंधळ आहे विचारलं. मीच सांगितलं. मीच म्हटलं, साहेब, टेलिफोन लावा आणि या पोराचे डोळे उघडा.

साहेबांनी फाटकावरूनच वेळ सांगणाऱ्या नंबरला फोन लावला. रिसीव्हर माझ्या कानाशीही धरला. बाईचा आवाज गोड होता. आठ वाजून एकवीस मिनिटं. फाटकावर आठ-बारा. तेवढ्यात बस येऊन थांबली आणि बायका धावत नाही, चालत आत आल्या, रोजच्यासारख्या, आणि आम्हाला पाहून थबकल्या.

नऊ मिनिटं.

हवालदाराने खाली पाहिलं. कुलूप घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. रागावून नाही. एखादं खोकं हातातून निसटताना माणूस बघतो तसा.

यंत्र आहे, किल्ली सैल झाली असेल, त्यात त्याचा काय दोष. उद्या मी साहेबांना तसं सांगेन.


गुरुवार, ७ एप्रिल

कुलपाला काढलं. घड्याळात ढवळाढवळ केली आणि कोर्टात जाणाऱ्या कागदावर खोटी सही केली. दोन्ही कलमं वाचून दाखवली. खोली शनिवारपर्यंत रिकामी करायची.

माझ्याशी बोलला नाही. म्हणजे तो कधीच बोलत नाही, पण आज तसं नव्हतं.


शुक्रवार, ८ एप्रिल

थोरलीने सांगितलं. खळीची कढई ढवळत, माझ्याकडे न बघता.

सहा वर्षांपूर्वी बसची वेळ बदलली. बस कारखान्याशी आठ-वीसला येऊ लागली, आणि पाळी आठ-पंधराची. सव्वाआठनंतर छाप पडला की अर्धा दिवस कापला जातो. बायकांनी अर्ज दिला, पाळी दहा मिनिटं पुढे ढकला, संध्याकाळी दहा मिनिटं जास्त थांबू. तो अर्ज मीच लिहून दिला होता. आठवलं मला. साहेबांनी फेटाळला. मग त्या स्टॉपवरून धावत यायच्या. एकदा पावसाच्या चिखलात थोरली फाटकाच्या लोखंडावर तोंडघशी पडली. त्यात ते दोन दात गेले. मला वाटायचं, किडले असतील. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या सोमवारी कुलपाने किल्ली देताना काटे नऊ मिनिटं मागे घेतले. संध्याकाळचा भोंगाही नऊ मिनिटं उशिरा वाजवू लागला. कामाचं एक मिनिट बुडालं नाही. साहेब साडेचारला जातात आणि दहाला येतात, त्यांना कळायचं कारण नव्हतं. कोणी कोणाला सांगितलं नाही. मनगटावर घड्याळ असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मला का नाही सांगितलं, विचारलं. थोरलीने ढवळणं थांबवलं.

“काका, तुमच्या पोटात राहिलं असतं का?”

नसतं राहिलं. कुठल्या तरी सोमवारी कौतुकाने फाटकात उभं राहून साऱ्या जगाला सांगितलं असतं की बघा, आमच्या कुलपाने काय केलंय.

घरी येऊन हिला विचारलं, तुला ठाऊक होतं? ही म्हणाली, घड्याळ मागे आहे एवढं ठाऊक होतं, का ते नव्हतं. मग तू बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही दर शनिवारी इतक्या प्रेमाने लावता.


शनिवार, ९ एप्रिल

कुलपाचं सामान हातगाडीवर चढवायला गेलो. त्याने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सामान आमच्याच खोक्यांत भरलं होतं. वहिनी मिरचीची कुंडी मांडीवर घेऊन बसल्या. म्हातारीने एका डोळ्यावर हात धरून विचारलं, कोण, भोंगा का? आवाज नाही आला आज. ते त्याच्या भावाकडे जाताहेत, बसने पाच तास. दुसऱ्या डोळ्याची तारीख इथल्या दवाखान्यातली होती.

एक खोकं उलटं चढवलं होतं, ‘ही बाजू वर’ खाली गेली होती. मी सरळ करायला हात घातला. कुलूप म्हणाला, राहू दे.

संध्याकाळी सवयीने घड्याळाखाली स्टूल ठेवलं. वर चढलो. काट्याला हात लावला नाही. उतरलो.


मंगळवार, १२ एप्रिल

फाटकावर काल नवीन घड्याळ आलं. काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप. एक कुलूप गेला आणि दुसरं आलं, पण ज्याने पेटी बसवली त्याला याचं हसूही आलं नाही.

काल आणि आज सगळ्या खळघराचा अर्धा दिवस गेला. उद्यापासून बायका आधीची बस धरणार, ती पाऊण तास आधी असते. थोरलीला नवऱ्याला तेवढं आधी उठवून खुर्चीत बसवून यावं लागेल. आज माझ्याशी कोणी भांडलं नाही. बादल्या उचलताना वाट मागतात तेवढंच. ‘काका’ म्हणतात. ‘भोंगा’ गळून पडलं.


शुक्रवार, १५ एप्रिल

रजा टाकून कोर्टात गेलो. दंड भरायला.

खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले. म्हणाला, तुम्ही तर जिंकलात. मी म्हटलं, हो, पण मी आठ-सहालाच पुलावर होतो, आता कळलंय, पावती खरी होती, दंड घ्या आणि त्या हवालदाराची ताकीद पुसा. त्याने चष्मा काढून पुसला. रद्द झालेला दंड भरून घ्यायचा फॉर्मच नाही, म्हणाला. मी म्हटलं, मग न्यायाधीशबाईंना भेटू द्या. प्रकरण बंद झालंय. मग उघडा. वर अपील करा, पण जिंकलेला माणूस अपील करू शकत नाही. मागे रांग वाढत होती. कोणी तरी म्हणालं, आजोबा, घरी जा, नशीबवान आहात.

परत येताना पुलाशी नऊ वाजले होते. तो हवालदार तिथेच होता. मी सायकल घेऊन मुद्दाम पुलावर चढलो, त्याच्या समोरून. म्हटलं, फाड पावती. त्याने मला पाहिलं, ओळखलं, आणि तोंड फिरवून ट्रकवाल्याला हात दाखवायला लागला.

मी पुलाच्या मध्यावर थांबून राहिलो. मागून गाड्या कोकलत होत्या. शेवटी उतरून सायकल हाताने ढकलत नेली.


सोमवार, २५ एप्रिल

कुलपाला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

आज साहेबांनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली. म्हणाले, तुमच्या खटल्यामुळे सहा वर्षांची लबाडी बाहेर आली. मी म्हटलं, साहेब, त्यात कंपनीचं एक मिनिट बुडालं नव्हतं. म्हणाले, प्रश्न मिनिटांचा नाही, घड्याळाचा आहे. मग म्हणाले, जूनमध्ये निवृत्त होताय ना, फाटकावर तुमच्यासारखा वेळेचा पक्का माणूस हवा. फाटकालगतची खोली मिळेल. जिना नाही, तुमच्या घरच्यांच्या गुडघ्याला बरं. पेटीची किल्ली तुमच्याकडे राहील. पाच तारखेपर्यंत सांगा.

मी ‘सांगतो’ म्हणून उठलो. नाही म्हणून उठायला हवं होतं. हिचा जिना डोळ्यांपुढे आला. हेही लिहून ठेवतो.


गुरुवार, २८ एप्रिल

पत्राचा मसुदा. आधी इथे लिहितो, मग कागदावर उतरवून काढतो.

मित्रा, कसा आहेस? वहिनी बऱ्या आहेत ना? प्रवासात मिरचीची कुंडी फुटली नाही ना? आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं तिकडे कोणी पाहिलं का? त्यांना सांग, भोंग्याचा आवाज हल्ली बसलाय. भाऊ, भावजय, मुलंबाळं सगळी खुशाल असोत.

इकडे हिचा गुडघा तसाच. बाळाला दोन दात आले. थोरलीचा नवरा खुर्चीतून पडला, फार लागलं नाही, सकाळी एकटा असतो ना. ती तुझी आठवण काढते. माझ्यासमोर काढत नाही, पण मी आत गेलो की गप्प होतात त्यावरून कळतं.

माझ्या भिंतीवरचं घड्याळ मी तसंच ठेवलंय, नऊ मिनिटं मागे. शनिवारी हात लावत नाही. कामावर जाताना शेजारणीला वेळ विचारून निघतो.

आता मुद्द्याचं. साहेब मला तुझ्या जागेवर बस म्हणताहेत. खोली, बाक, किल्ली, सगळं तुझं. एक मन म्हणतं, पेटीची किल्ली माझ्याकडे आली तर तुझं काम पुढे चालवता येईल. दुसरं मन म्हणतं, माझ्या पोटात ते किती दिवस राहील? तिसरं मन हिच्या जिन्याचा विचार करतं, आणि तेच सगळ्यात मोठ्याने बोलतं. तू ‘बस’ म्हणालास तर बसेन. ‘नको’ म्हणालास तर त्या फाटकातून जूनमध्ये निघेन तो परत वळणार नाही. तुला विचारल्याशिवाय तुझ्या बाकावर बसवणार नाही मला. आधी एकदा तुझी सही मागितली, तेव्हा तू काय विचारत होतास ते मी ऐकलं नव्हतं. या वेळी तू सांगशील तेच ऐकेन.

तू बोलत नाहीस, ठाऊक आहे. एकच शब्द लिही, पोस्टकार्डावर, माझा पत्ता मीच लिहून सोबत धाडतोय. पाच तारखेला साहेबांना सांगायचंय, आणि टपालाला तीन दिवस लागतात. उत्तर लवकर लिही.